पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

डिझायनरनं आपल्या कामात दिसावं, की काम हातावेगळं करून बाजूला व्हावं? जर्मनीतल्या ब्राउन कंपनीसाठी रेडिओ आणि घरातली यंत्रं घडवणाऱ्या डीटर राम्स यांनी चांगल्या डिझाइनची दहा तत्त्वं सांगितली. वस्तूनं मिरवू नये, हे त्यांतलं एक. ल कॉर्बुझिए यांची चंदीगडमधली इमारत मात्र लांबून पाहिली तरी ती कुणाची, हे जाणत्याला विचारावं लागत नाही. दोघंही विसाव्या शतकातले थोर. त्यामुळं थोरांची नावं पुढं करून हा प्रश्न सुटत नाही. काम कुणासाठी चाललंय, तिथूनच तो सोडवायला घ्यावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात हा वाद मी एका मामा-भाचीच्या तोंडून ऐकत आलो. मामा पेंटर. दुकानं, दवाखाने, उसाच्या ट्रॉल्या, पपई भरून उत्तरेकडं जाणारे ट्रक, निवडणुकीच्या भिंती, सगळीकडं त्यांचा हात फिरलेला. फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम आटलं. मग गाड्यांवर रेडियम कापून चिकटवण्याचं काम त्यांनी सुरू केलं, पण ब्रश सोडला नाही. भाची पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइनच्या संस्थेत शिकली. १९६९ साली सुरू झालेल्या या संस्थेचा पाया सुधाकर नाडकर्णी यांनी घातला, आणि ते जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेले. त्याच शाळेचा ब्राउनच्या वस्तूंवर मोठा प्रभाव होता. भाचीच्या बोलण्यात तो संस्कार उतरलाय : नेमकं करावं, मोजकं करावं आणि करणाऱ्यानं मध्ये येऊ नये. मामा शिकले ते बाजारपेठेत. शिडीवर चढून, उन्हात, मालकाच्या देखत.

त्यांचं बोलणं बऱ्याच बैठकांत, तुकड्यातुकड्यांनी झालं. त्यातलं जे मला मोलाचं वाटलं ते इथं एका ओघात देतो.

भाची : मामा, तुम्ही रोज ज्याचं अक्षर वाचता त्या माणसाचं नाव तुम्हाला माहीत नाही.

मामा : कुणाचं गं?

भाची : र. कृ. जोशी. कचेरीतून येणारं पत्र, शाळेची नोटीस, बँकेचा फॉर्म, असं संगणकावरचं मराठी वर्षानुवर्षं ज्या अक्षरात निघालं त्या फॉन्टचं नाव मंगल. तो त्यांनी रेखाटला. विंडोज २००० पासून तो संगणकातच बसून यायला लागला. त्याच्या आधीचे हाल आठवतात? एका ठिकाणचं मराठी पत्र दुसऱ्या ठिकाणी उघडलं की पडद्यावर नुसती भलतीसलती चिन्हं. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, फॉन्ट वेगळा. युनिकोड आणि त्याच्या जोडीला मंगल आल्यावर धडगावात टाइप केलेलं मुंबईत जसंच्या तसं वाचता यायला लागलं.

मामा : मग एवढं काम केलेल्या माणसाचं नाव लोकांना ठाऊक नको व्हायला?

भाची : ठाऊक व्हायची गरजच पडली नाही, हेच त्या कामाचं यश. वाचणाऱ्याचं लक्ष मजकुरावर गेलं, अक्षरापाशी अडलं नाही. तमिळ, तेलुगू, कन्नड अशा दुसऱ्या लिप्यांच्या तसल्याच फॉन्टांमागंही त्यांचं काम आहे. तिथंही लोक नुसतं वाचतात आणि पुढं जातात.

मामा : माझ्या गिऱ्हाइकाच्या दुकानावर तुझा मंगल लावला तर दुकान ओळखू यायचं नाही.

भाची : वाचता तर येईल?

मामा : कुणाला? हे बघ माय, तू वाचता येणारा माणूस धरून चाललीस. आपल्याकडं बाजाराला सातपुड्यातनं माणूस उतरतो. घरी भिली बोलतो, नाहीतर पावरी. त्याच्या वयाच्या कितीजणांनी शाळा पाहिली? तो दुकानाची पाटी वाचत नाही, दुकान ओळखतो. लाल अक्षर, पिवळी किनार, आणि 'औषधे'मधल्या 'औ'च्या मात्रा मी उजवीकडं अशा लांब फेकलेल्या. शेजाऱ्याला खूण सांगताना तो तेच सांगतो, की ज्या पाटीवरनं दोन शेंड्या उडताहेत तिथनं गोळ्या घे. सगळ्या पाट्या तू एका वळणाच्या केल्यास, तर त्या माणसापुरत्या सगळ्या पुसल्यास.

इथं मला थांबून सांगावंसं वाटतं, की अक्षररचनेच्या मोठमोठ्या सिद्धांतांत हा माणूस जवळपास कुठंच भेटत नाही. छापलेलं अक्षर पारदर्शक असावं, असं इंग्लंडमध्ये बिएट्रिस वॉर्ड यांनी १९३० च्या दशकात आग्रहानं मांडलं. छपाईच्या जगावर त्या विचाराची छाप आजही आहे. पण समोरचा माणूस सराईत वाचक आहे, हे त्यात मुळातच गृहीत धरलेलं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती आणि नंदुरबार जिल्ह्याची ६४ टक्क्यांच्या आसपास. मामांनी ज्यांच्यासाठी रंगवलं त्यांतले कितीतरी या दोन आकड्यांच्या मधल्या दरीतले आहेत. मामांच्या फेकलेल्या मात्रेला मी आजवर हौस समजत होतो. ती वाट दाखवण्याची सोय होती.

भाचीनं हे नाकारलं नाही, पण ती गप्पही बसली नाही.

भाची : आणि त्याच माणसाची मुलगी? ती आश्रमशाळेत आहे. घरात पावरी, शाळेत मराठी. तिला 'औ' पुस्तकात एका रूपात भेटतो आणि तुमच्या पाटीवर दुसऱ्याच. आधीच परकी भाषा, त्यात अक्षर रोज वेश बदलून येणार. तिच्यासाठी ते अक्षर सगळीकडं सारखं असणं हाच आधार आहे. मामा, वडील खुणेनं चालले म्हणून मुलीनंही खुणेनंच चालावं का?

मामा : नाही. पण मुलगी शिकेस्तोवर बापानं औषध कुठनं आणायचं?

या दोन प्रश्नांत कुणा एकाची हार नाही. एकाच घरातल्या दोन पिढ्यांसाठी दोन वेगळी डिझाइनं लागतात आणि पाटी एकच असते. पुढं त्यांना एका कामात याचा विचार करावाच लागला. त्याआधी मामांनी आपला माणूस पुढं केला.

मामा : तुझ्या जोशींचं नाव मला नव्हतं ठाऊक, पण कमल शेडग्यांचं आहे. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचो. त्या बघून हात वळवला. त्यांच्या कुठल्याही दोन नाटकांचं अक्षर सारखं दाखव मला.

शेडगे वृत्तपत्राच्या कलाविभागात घडले. १९६२ मध्ये 'रायगडाला जेव्हा जाग येते' या वसंत कानेटकरांच्या नाटकासाठी त्यांनी नाव रेखाटलं आणि मराठी रंगभूमीला शीर्षकाचं अक्षर ही एक स्वतंत्र कला मिळाली. पेपरातली चिमूटभर जागा, दोन-चार शब्द, एक रंग. एवढ्यात नाटक ऐतिहासिक आहे की फार्स, हसवणार की अंगावर येणार, हे वाचण्याआधी नुसत्या वळणावरून कळावं, अशी ती करामत. तयार फॉन्ट नाही, दर वेळी नवी मांडणी. जुलै २०२० मध्ये ते गेले तेव्हा कित्येकांच्या ध्यानात आलं, की आपल्याला नाटकांची नावं शब्दांनी जेवढी आठवतात तेवढीच आकारांनीही आठवतात.

भाची : शेडगे मोठेच. पण त्यांचं अक्षर त्या एका नावापुरतं आहे. त्यात तुम्ही तहसीलदाराची नोटीस लिहू शकाल का?

मामा : नोटीस लिहायची नाहीच. पण मग तूही कबूल कर, की मंगलमध्ये नाटकाचं नाव लिहिता येत नाही.

भाची : कबूल. आणि गंमत सांगू? जोशी सरांनाही ते ठाऊक होतं. ते जाहिरातीच्या धंद्यातून आले होते, कवी होते. शब्द कागदावर नुसता लिहून न ठेवता त्याचा आकार कवितेत बोलायला लावत. हातानं लिहिण्यावर त्यांचं अतोनात प्रेम. नंतर पवईला प्राध्यापक झाले. म्हणजे अक्षराला हवं तसं नाचवणारा हात त्यांच्याकडं होता. मंगल करताना त्यांनी तो आवरला.

मामा : आवरला म्हणालीस ना? आवरायला आधी हात असावा लागतो. तुझ्या शाळेतल्या पोरांना पहिल्या दिवसापासून आवरायलाच शिकवतात.

भाची यावर हसली, पण मला त्यात पूर्ण सत्य दिसलं. साधेपणा हा शेवटचा टप्पा असतो, तो पहिल्या धड्यात दिला तर त्याचा नुसता रिकामेपणा उरतो. फ्लेक्सवाल्याकडं जाऊन पाहावं. तिथं कुठलाही अतिरेक करायची मोकळीक आहे आणि तरी सगळे फलक सारखेच दिसतात, कारण तिथं कुणी कशाची निवडच केलेली नसते.

भाची : बरं, ते पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही नाव टाकता आणि मोबाइल नंबर. ती तर सरळ जाहिरात झाली.

मामा : आहेच जाहिरात. पोट आहे मागं. पण रंग वर्षभरात उडाला, पत्र्याला पोपडे आले, तर मालक कुठं बघतो? कोपऱ्यात. प्रायमर मारला की नाही, एनॅमल कुठला वापरला, सगळं मला विचारतो. नाव टाकलं म्हणजे विचारायला जागा दिली. फ्लेक्स फाटला तर कुणाला धरतेस?

भाची : आम्हाला शिकवलं की वस्तूवर डिझायनरची सही नको.

मामा : सही नको म्हणजे जाब नको असं तर नाही ना?

या शेवटच्या प्रश्नावर भाची बराच वेळ बोलली नाही. डिझायनरच्या सहीकडं अहंकार म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे, आणि बड्या फॅशन घराण्यांच्या चिन्हांनी ती पक्की केली आहे. पण गावातल्या कारागिराचं नाव हा एक करार असतो. तो त्याच गावात राहतो, त्याच चहाच्या टपरीवर बसतो, आणि पाटी खराब झाली तर लपायला त्याला जागा नसते.

पुढं एकदा भाचीनं कपड्यांचा विषय काढला. भानू अथैया यांचा. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी १९२९ सालची. वडील चित्रकार, आणि ते तिच्या लहानपणीच गेले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तिनं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपबरोबर चित्रं मांडली. त्या वाटेनं गेली असती तर आज कॅनव्हासच्या कोपऱ्यात तिची सही असती. ती सिनेमाच्या कपड्यांकडं वळली आणि 'गांधी'साठी १९८३ मध्ये जॉन मॉलो यांच्याबरोबर ऑस्कर घेऊन आली. भारतीयाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

भाची : 'गांधी' पाहून कुणी म्हणालं का, की काय सुंदर कपडे होते? नाही म्हणालं. आफ्रिकेतल्या बॅरिस्टरचा सूट, मग हळूहळू उतरत गेलेले कपडे, शेवटी पंचा. शिवाय हजारो माणसांचा जमाव, ज्यातल्या प्रत्येकाच्या अंगावर त्या त्या काळाचं आणि प्रांताचं कापड हवं. ते खरं वाटलं, म्हणजे दिसेनासं झालं. माझा मुद्दा हाच.

मामा : आणि 'ब्रह्मचारी'तली मुमताजची नारिंगी साडी? ती पण त्यांचीच ना? तिचं नाव काढलं की आजही सिनेमा आठवतो. ती कुठं दिसेनाशी झाली?

मामांचं बरोबर होतं. १९६८ च्या त्या सिनेमातली अंगाला बसवून शिवलेली साडी मिरवण्यासाठीच होती, कारण गाणंच नाचाचं आणि मिरवण्याचं होतं. दोन्ही कामं करणारी बाई एकच. पुढं 'लगान'मध्ये तिनंच दुष्काळी गावाला मळकी, उन्हानं विटलेली धोतरं-घागरे दिले आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. आपण दिसायचं की नाही, हे ती बाई आपल्या स्वभावावरून ठरवतच नव्हती. समोरचं पात्र कोण, प्रसंग कुठला, यावरून ठरवत होती. भाचीला जे तत्त्व वाटतं ते अथैयांच्या हाती एक साधन होतं, आणि मामांना जी हौस वाटते तीही.

खरी चुरस झाली ती घरांवरून. मला यावरच सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण शहादा तालुक्यात आणि वर धडगावच्या डोंगरात घराचा प्रश्न रोजचा आहे.

बाळकृष्ण दोशी पुण्यात १९२७ मध्ये जन्मले. घरचा व्यवसाय फर्निचरचा. जे. जे.त शिकता शिकता ते युरोपात गेले, पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली तयार झाले, अहमदाबादला स्थिरावले, आणि २०१८ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वोच्च मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांचं जे काम भाचीला सगळ्यात जवळचं वाटतं ते इंदूरला आहे, अरण्य वसाहत. खेतिया, सेंधव्यावरून गेलं तर शहाद्याहून एका दिवसात पाहून यावं इतक्या अंतरावर. १९८० च्या दशकातलं काम. साडेसहा हजारांच्या आसपास घरांची आखणी. सगळ्यात गरिबासाठी सुमारे ३५ चौरस मीटरचा तुकडा, त्यावर जोतं, पाणी, संडास आणि फार तर एक खोली. बाकीचं घर ज्याचं त्यानं, पैसा येईल तसं वाढवायचं. काय काय करता येईल हे दिसावं म्हणून दोशींनी ऐंशी घरं नमुन्यादाखल बांधून दिली. ओटे, बाहेरून जिने, गच्च्या, सज्जे. या कामाला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

मामा : अर्धं घर बांधून द्यायचं आणि वर त्याला विचार म्हणायचं? मी अर्धी पाटी रंगवून दिली तर मालक पैसे देईल?

भाची : मामा, सगळ्यात अवघड आणि महाग भाग त्यांनी दिला. गटार, पाणी, रस्ता, जोतं. गरिबाला एकट्याला न जमणारं तेवढंच. भिंत तो स्वतः उभी करतो. पोरगा लग्नाचा झाला की वर खोली काढतो, पुढं दुकान टाकतो. पूर्ण घर दिलं असतं तर त्यात दोशींचं डोकं राहिलं असतं. आता त्यात राहणाऱ्याचं आयुष्य आहे.

मामा : हे आपल्याकडं पुस्तकाशिवाय चालतं. वरच्या पाड्यांत घरकुल मिळालं, की पुढच्या वर्षी त्याच्यासमोर कुडाची पडवी निघते. बांबू, पऱ्हाट्या, शेणमाती. चूल तिथं, शेळ्या तिथं, पाहुणा तिथं. आतल्या सिमेंटच्या खोलीत धान्याच्या गोण्या.

भाची : बघा! प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराला किमान २५ चौरस मीटर जागा धरलेली आहे, स्वयंपाकाच्या जागेसह. पण पडवी नकाशात नसेल, तर ती नंतर चिकटवलेली दिसते. दोशींनी तो विस्तार आधीच मनात धरला होता. भिंत कुठं वाढेल, जिना कुठून जाईल, वाढलं तरी शेजाऱ्याचा उजेड कसा राहील, याचा विचार आधी. रिकामं सोडणं म्हणजे विचार न करणं नव्हे. दुसरा माणूस पुढं काय करील, याचा तिथं जास्तच विचार करावा लागतो.

मामा : मग मला एक सांग. त्यांनी भिंत लोकांवर सोडली. संडासचा पाइप का नाही सोडला?

भाची : कारण पाइप चुकला तर सगळ्या गल्लीला भोगावं लागतं.

मामा : आणि भिंत बांधता येते लोकांना. पिढ्यान् पिढ्या येते. म्हणजे तुझे दोशी ज्याला जे येतं ते त्याच्यावर सोडतात आणि जे येत नाही ते स्वतः करून देतात. हे मला पटलं. हे आधीच असं सांगितलं असतंस तर!

या टप्प्यावर वादाचा विषयच बदलला, असं मला वाटतं. दिसावं की दिसू नये, हा प्रश्न मागं पडला. किती आपल्या हातात ठेवावं आणि किती दुसऱ्याच्या हातात द्यावं, हा पुढं आला, आणि तो जास्त कामाचा आहे.

सातपुडा साखर कारखान्याच्या पुरुषोत्तमनगरचं धुराडं बघत भाची लहानाची मोठी झालेली. त्यामुळं तिला कारखान्यांच्या इमारतींचं वेड. तिनं अच्युत कानविंदे यांचं उदाहरण दिलं. कोकणातल्या आचऱ्याचे, जे. जे.नंतर हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्याकडं शिकलेले. आयआयटी कानपूर त्यांची. मेहसाण्याच्या दूधसागर डेअरीत त्यांनी दुधाची वाट वरून खाली उतरती ठेवली आणि गरम हवा बाहेर काढायला उंच मनोरे उभे केले. तिच्या मते आकार तिथं दुधानं आणि उष्णतेनं ठरवला. मामांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, मनोरे तर चांगले मिरवताहेत. दोघांचंही खरं असल्यानं तो विषय तिथंच थांबला.

मामांचं पुढचं उदाहरण नांगराचं.

मामा : तू म्हणतेस, वापरणाऱ्याला विचारा, त्याच्यावर सोडा. किर्लोस्करांनी शेतकऱ्याला विचारलं असतं तर लोखंडी नांगर झाला असता का? लोक म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष भिनेल.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण तिची सुरुवात डिझाइनच्या दृष्टीनं फार बोलकी आहे. ते जे. जे.त चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर रंगकाम सुटलं आणि ते यांत्रिक रेखांकनाकडं वळले. पुढं बेळगावात सायकलींचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. पहिले नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर.

भाची : म्हणजे डिझायनरला कधी कधी वापरणाऱ्याच्या पुढं चालावं लागतं. मान्य. पण त्यांनी नांगर लादला नाही, मामा. शेतकऱ्याला पटेपर्यंत ते थांबले.

मामा : थांबले, आणि नाव टाकलं. किर्लोस्करांचा नांगर. फाळ मोडला तर कुणाकडं जायचं हे माहीत होतं.

भाची : आणि तिफणीवर कुणाचं नाव होतं?

हा प्रश्न तिनं सहज टाकला, पण तो खोल होता. लाकडाची तिफण सुतार करायचा. तीन फण, तीन नळ्या, वर चाडं. बी किती पडायचं हे मात्र सुतारानं ठरवून ठेवलेलं नसे. चाड्यावर मूठ धरणारी बाई ते ठरवी. ओल किती, बी कसं, बैल कुठल्या चालीनं चाललेत, हे पाहून तिची बोटं सैल किंवा घट्ट होत. दोशींनी इंदूरला जे केलं तेच हे. १९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारसाठी जो अहवाल लिहिला, आणि ज्यातून पुढं अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मनापासून वाखाणणी केली. हाताची पकड, ओतताना साधला जाणारा तोल, डोक्यावर किंवा कमरेवर नेण्याची सोय, अशा कितीतरी गोष्टी त्यात पिढ्यांनी जिरवलेल्या त्यांना दिसल्या. एका कुणाचा तो नव्हे.

मामा : लोट्याला नाव नाही, कारण तो सगळ्यांनी मिळून केला. पाटी मी एकट्यानं केली.

भाची : आणि चाड्यावर मूठ धरणारीचं नाव? ती तर एकटीच पेरत होती. तिचं नाव कुठल्या कोपऱ्यात आहे?

मामांनी यावर काही उत्तर दिलं नाही, आणि मीही ते त्यांच्या वतीनं देणार नाही.

अलीकडं एका संस्थेनं भाचीला सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतल्या आरोग्य उपकेंद्रांसाठी पाट्या करायला सांगितल्या. तिचा पहिला आराखडा तिच्या शाळेला शोभेल असा होता. एक फॉन्ट, एक निळा रंग, रेखीव चित्रं, सगळ्या गावांना सारखं. तो घेऊन ती मामांकडं गेली, हे मला तिचं मोठेपण वाटतं. आता जो आराखडा झालाय तो असा. पाटीचं माप, अक्षराची उंची आणि किती पावलांवरून ते दिसलं पाहिजे, हे भाचीनं ठरवलं. लसीकरणाला एक रंग, बाळंतपणाला दुसरा, औषधांना तिसरा, आणि गाव कुठलंही असो, रंगांचा क्रम तोच. रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यात मोठा, कारण आकडा ओळखणारे अक्षर ओळखणाऱ्यांपेक्षा जास्त. मजकुराचं अक्षर शाळेच्या पुस्तकासारखं सरळ, त्या आश्रमशाळेतल्या मुलीसाठी. वरचा तिसरा हिस्सा मात्र कोरा. तिथं गावाचं नाव आणि गावाची एखादी खूण गावातल्या किंवा जवळच्या पेंटरनं आपल्या हातानं, आपल्या वळणात काढायची.

मामा : आणि खाली पेंटरचं नाव, नंबर, रंगवल्याची तारीख.

भाची : पेंटरचं टाका. जरूर टाका.

मामा : त्याच्या खाली तुझं.

भाची : माझं कशाला? पाटी त्यांची आहे.

मामा : लसीकरणाचा रंग तू निवडलास. एखाद्या बाईला तो दुसऱ्याच खोलीचा वाटला, चुकीच्या रांगेत ती तासभर उभी राहिली, तर पेंटरला शिव्या बसणार. तुझा नंबर लिही. चुकलं असेल तर ती नर्स तुला फोन करील, पुढच्या पाटीत तू बदलशील.

भाची : नंबर चालेल. नाव नको.

मामा : नुसत्या नंबरला माणूस फोन करत नाही, माय. नावाला करतो.

मी मामांच्या बाजूचा आहे. डिझायनरनं कामातून बाजूला व्हावं, हे मला पटतं. त्या कामाच्या परिणामातूनही त्यानं बाजूला व्हावं, हे पटत नाही, आणि आपल्याकडं एकाच्या नावाखाली दुसरं फार सहज खपतं. भाचीनं अजून होकार दिलेला नाही. नाव टाकायचंच झालं तर ते पेंटरच्या नावापेक्षा लहान असावं आणि त्याच्याच हातानं लिहिलेलं असावं, एवढ्यावर ती आली आहे. किती लहान, यावर दोघांचं अजून चालू आहे.